भाऊजी रियाज करत नाहीत

आमचे भाऊजी व्हायोलिन वाजवतात, पण रियाज करत नाहीत. हे मी नाही म्हणत, ते स्वतःच सांगतात, आणि बहुतेक वेळा कुणी विचारलेलं नसताना सांगतात. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांचं ड्रायक्लीनिंगचं दुकान आहे. दिवसभर लोकांच्या कोटांना इस्त्री करायची आणि घरी आल्यावर स्वतःच्या मोठेपणाला, असा एकंदर धंदा. मी चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. सकाळपासून माणसांना खुर्चीत बसवून "आता दिसतंय का? आणि आता?" असं विचारत असते. त्यामुळे माणसाला समोरचं कसं दिसत नाही, याचा मला चांगलाच अनुभव आहे. तरी भाऊजींच्या बाबतीत मीसुद्धा इतकी वर्षं आंधळीच होते.

ताईचं दार आणि माझं दार समोरासमोर. मधे चपलांचं एक कपाट, तेवढंच अंतर. त्यामुळे तिकडचा प्रत्येक सोहळा मला पाठ आहे. पाहुणे जमले की कुणीतरी म्हणणार, "आज व्हायोलिन होऊन जाऊ द्या." भाऊजी हात झटकणार. "छे हो, कुठलं व्हायोलिन! महिनाभर हात लावला नाही." मग आग्रह. मग पुन्हा नकार. मग एक उसासा टाकून, "बरं, बघ गं सापडतंय का." जसं काही ते हरवलंय! सोफ्याच्या शेजारी, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर व्हायोलिनची पेटी ठेवलेली असते. आणि त्या पेटीवर धूळ असते. ताईच्या घरात इतर कुठेही बोट फिरवा, कण मिळायचा नाही. पण ती पेटी पुसायची नाही, असा तिला हुकूम होता. का, तर भाऊजींना सगळ्यांदेखत "फू" करून धूळ उडवता यावी म्हणून.

मग ते वाजवायचे. आणि खोटं कशाला बोलू, वाजवायचे झकास. टोमणा मारायचा कितीही विचार केलेला असो, गज तारेवर टेकला की माझंसुद्धा तोंड बंद व्हायचं.

या दरबारातले पहिले मानकरी म्हणजे वरच्या मजल्यावरचे रसिक. विमा कंपनीतून निवृत्त झालेले गृहस्थ. सूर लागायच्या आधीच मान डोलवायला लागतात, म्हणून मी त्यांचं नाव रसिक ठेवलं, आणि आता सगळी इमारत त्यांना त्याच नावाने ओळखते. वाजवून झालं की रसिक म्हणणार, "रियाज नाही, काही नाही, आणि हे असं! दैवी देणगी हो, दैवी देणगी." भाऊजी पेटी मिटत म्हणणार, "आता काय सांगू. असतं किंवा नसतं."

हरभऱ्याच्या झाडावर माणूस एकदा चढला की खाली उतरायला त्याला शिडी लागते. भाऊजींनी ती शिडी स्वतःच काढून ठेवली होती.

हे सगळं गमतीचं होतं, जोपर्यंत माझी भाची ते ऐकण्याच्या वयाची झाली नव्हती. ताईची एकुलती एक लेक. शाळेत हुशार, बापावर जीव, आणि बाप जे बोलेल ते सोळा आणे खरं मानणारी. तिला व्हायोलिनच्या क्लासला घातलं. क्लासच्या बाई कडक. पहिले कित्येक महिने त्यांनी पोरींना गाणं म्हणून वाजवू दिलं नाही. मोकळ्या तारेवर गज ओढायचा, टोकापासून टोकापर्यंत, अगदी हळू, आवाज कुठे जाड नाही, कुठे बारीक नाही. मग साधे अलंकार, सा रे ग, रे ग म. मग तेच मेट्रोनोमच्या टिकटिकीवर, आणखी हळू. चुकलं तर पहिल्यापासून सुरू करायचं नाही, चुकलं तिथूनच उचलायचं.

भाचीने घरी येऊन हे सांगितलं, तेव्हा भाऊजी मोठ्याने हसले. "ही काय सुतारकी? करवत चालवायला शिकवतायत का? अगं, आपल्याकडे हे रक्तात आहे."

झालं. पोरगी खूश. बाईंचा अभ्यास गेला चुलीत. घरी ती एकच धून वाजवायची, तीसुद्धा जलद, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि अडखळली की खो खो हसून पुन्हा पहिल्यापासून. ताई म्हणायची, "जरा बाईंनी सांगितलेलंही कर गं." तर उत्तर तयार, "बाबा कधी करतात?" ताई कपाळावर हात मारून घ्यायची.

क्लासचा वार्षिक कार्यक्रम ठरला. वाचनालयाच्या सभागृहात. भाचीला एकटीने वाजवायचं होतं आणि शेवटी खास पाहुणे म्हणून आमचे दैवी देणगीवाले. कार्यक्रमाच्या आठवड्यात पोरगी एकदा जिन्यात माझ्याशेजारी येऊन बसली. नखं खात होती.

"मावशी, एक ठरवलंय. त्या दिवशी चांगलं वाजलं, तर माझ्यात आहे. नाही वाजलं तर नाही. मग उगाच कशाला? पेटी कपाटावर टाकायची आणि विषय संपला."

"हे कुणी शिकवलं तुला?"

"बाबाच म्हणतात ना. असतं किंवा नसतं."

इतकी गोड पोर, आणि तिने स्वतःवर असा निकालाचा दिवस लावून घेतलेला. मला भाऊजींचा असा राग आला की त्यांच्या त्या धुळीच्या पेटीवर ओलं फडकं फिरवून यावं.

दोनच दिवसांनी मी सकाळी कामावर जाता जाता त्यांच्या दुकानात शिरले. भाचीचा काळा कोट इस्त्रीला दिलेला होता, तो घ्यायचा होता. भाऊजी रोज भल्या पहाटे दुकानात जातात. कशाला, तर वाफेचा बॉयलर तापायला वेळ लागतो. ताई बिचारी वर्षानुवर्षं त्या बॉयलरला शिव्या घालत आली आहे. शटर अर्धं वर होतं. मी वाकून आत गेले, आणि मागच्या खोलीतून आवाज आला.

सा... एवढा लांब सा, की मला वाटलं यंत्र अडकलं. मग रे. मग ग. ग जरा वर चढला, बेसूर झाला. थांबला. पुन्हा ग. पुन्हा वर. पुन्हा. मागे टिक टिक टिक. मनात म्हटलं, अरेरे, भाऊजींनी कुणा गरीब नवशिक्याला शिकवायला घेतलं की काय! याला बिचाऱ्याला कुणीतरी घरी पाठवा.

मागच्या खोलीत न नेलेल्या कोटांची रांग असते. लोक टाकतात आणि विसरतात. प्लास्टिकच्या आवरणातले ते कोट बाजूला सारत मी आत डोकावले. बनियन घातलेले भाऊजी, हनुवटीखाली व्हायोलिन, जिभेचं टोक दातांत, कपाळावर घाम. इस्त्रीच्या टेबलावर मेट्रोनोम. आणि हँगरवर एक रिकामं आवरण लटकत होतं, त्याला टोकनसुद्धा लावलेलं. म्हणजे दुसरं व्हायोलिन गिऱ्हाइकाच्या कोटासारखं रांगेत टांगून ठेवलेलं असायचं. काय डोकं! एवढं डोकं हिशेबी चोरांनाही नसेल.

मला बघून ते दचकले. म्हणाले, "बॉयलर तापवतोय."

"हो का? रे पर्यंत तापलेला दिसतोय. ग ला घोडं पेंड खातंय."

त्यांचा चेहरा असा पडला की मला क्षणभर वाईट वाटलं. पण क्षणभरच. "किती दिवस चाललंय हे?"

"दिवस?" ते खुर्चीवर टेकले. "लग्नाच्या आधीपासून. रोज."

"आणि 'महिनाभर हात लावला नाही'?"

"त्या घरातल्या व्हायोलिनला," ते पुटपुटले. बघा! वर वकिली!

मी कंबरेवर हात ठेवून उभी राहिले, तेव्हा कुठे खरं बाहेर आलं. तरुणपणी ज्यांच्याकडे ते शिकायचे, त्या मास्तरांनी एकदा चार लोकांत म्हटलं होतं, "हा पोरगा मेहनती आहे. पण कलावंत नव्हे." बस. एवढं एक वाक्य. ते यांच्या काळजात रुतून बसलं. मेहनत दिसली की लोक तेच म्हणणार, म्हणून मेहनत कोटांच्या मागे नेऊन टांगली.

"मला येतच नाही गं सहज," ते म्हणाले. "हा ग आहे ना, रोज वर जातो. रोज खाली आणावा लागतो. एक दिवस चुकवला तर स्टेजवर हात माझं ऐकत नाही."

"मग हेच तुमच्या पोरीला सांगा. तिने काय ठरवलंय माहीत आहे?" आणि मी जिन्यातलं सगळं सांगितलं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"सांगतो," ते म्हणाले. "आजच सांगतो. पण तू कुणाला बोलू नकोस."

"आज तुम्ही नाही सांगितलंत, तर मी सांगणार. मग म्हणू नका मेहुणी फितूर झाली."

संध्याकाळी मी मुद्दाम तिकडेच जेवायला बसले. भाऊजींनी घास हातात धरून सुरुवात केली, "बाळा, एक सांगायचंय. व्हायोलिनचं असं आहे..." तेवढ्यात बेल वाजली आणि रसिक आत आले. "काय, खास पाहुणे! तयारी जोरात?" आणि आमचे वीर, माझ्याकडे न बघता, म्हणाले काय? "कसली तयारी हो! वेळ कुणाला आहे!" मला वाटलं पाण्याचा तांब्या डोक्यावर रिकामा करावा. रसिक गेले, तसा विषयही गेला.

मग मीच भाचीला बाजूला घेतलं आणि सांगितलं. सगळं. कोट, टोकन, बनियन, ग. पोरगी पोट धरून हसली. "मावशी, तू पण ना! बाबा? सा रे ग? तुझं काहीतरीच!" मी शपथा घेतल्या, ती आणखी हसली. आयुष्यभर मी त्या माणसाची टिंगल केली होती, आता खरं बोलले तर तीही टिंगलच ठरली. म्हणाली, "बाबांचा तेवढा हेवा करू नकोस गं."

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह भरलेलं. भाची काळ्या कोटात पुढे आली. धून संथ सुरू होते, एका लांब सुरावर. घरी ती तो सूर घाईघाईने उरकून जलद भागाकडे पळायची. इथे पळता येईना, कारण सगळे ऐकत होते. गज तारेवर टेकला आणि हात थरथरायला लागला. लांब सुरात थरथर लपत नाही. तिने हाताकडे बघितलं, आणि हाताकडे बघितल्यावर बोटंही चुकली. ती थांबली. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तोच सूर, तीच थरथर. पुन्हा थांबली. मधूनच उचलायची तिला सवयच नव्हती. पहिल्या रांगेत बसलेल्या बाई ओठांनी सांगत होत्या, पुढे जा, पुढे जा. पण पुढे म्हणजे कुठे? पोरीने व्हायोलिन खाली घेतलं, मान खाली घातली आणि ती निघून गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तसल्या टाळ्या तर वाजवूच नयेत.

शेवटी भाऊजी उभे राहिले. भाची मागच्या दाराशी पेटी खांद्याला लावून उभी होती, मी तिच्याजवळ. आणि मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, पहिल्या सुराला भाऊजींचाही गज थरथरला. लेकीचं ते तोंड बघून आलेला बाप, थरथरणार नाही तर काय? पण त्यांनी गज थांबवला नाही. उलट आणखी हळू केला, टोकापर्यंत नेला, जसा त्या मागच्या खोलीत नेत होते तसाच. अर्ध्या वाटेत आवाज स्थिर झाला. सभागृहात कुणालाही काही कळलं नाही. भाचीला कळलं. "बाबांचा हात हलला," ती हळूच म्हणाली. मग म्हणाली, "पण त्यांचं थांबलं."

कार्यक्रमानंतर दाराशी घोळका. रसिक मधोमध. "रियाजाशिवाय हे! याला म्हणतात रक्त! आता मुलीत नाही उतरलं, चालायचंच. सगळ्यांनाच नसतं." पोरगी तिथेच उभी होती. मी भाऊजींकडे बघितलं. आता बोला, आता तरी बोला. भाऊजींनी ओठ उघडले, मिटले, आणि रुमालाने कपाळ पुसलं. मूग गिळून बसणं म्हणजे काय, ते मी त्या दिवशी उभं राहिलेलं पाहिलं.

भाचीची पेटी कपाटावर गेली, पार मागे, भिंतीला टेकून. भाऊजी तिच्या खोलीत गेले आणि अखेर सगळं बोलले. उशीर झाला होता. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, मला बरं वाटावं म्हणून काहीही सांगू नका. मी काही लहान नाही."

ते बाहेर आले आणि माझ्यासमोर बसले. रडायचेच बाकी होते. "ती मानतच नाही गं."

"कशी मानेल? जन्मभर धूळ उडवलीत तिच्यासमोर! बोलून काय होणार? वाजवा. इथे, घरात, खिडकी उघडून. तुमचा तो ग सगळ्या इमारतीला ऐकू द्या."

"खिडकी उघडून?" मी जणू त्यांना बनियनवर रस्त्यावर फिरायला सांगितलं होतं.

"सगळ्या खिडक्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी बॉयलर तापवायला कुणी गेलं नाही. भाऊजी बैठकीच्या खोलीत उभे राहिले, खिडकी उघडली आणि सा लावला. ताई चहाचं भांडं हातात घेऊन तशीच थिजली. एवढ्या वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याला सा रे ग वाजवताना पहिल्यांदा ऐकलं. मी माझ्या दारात. भाची खोलीतून बाहेर आली ती कपाळाला आठ्या घालूनच, चेष्टा आहे का बघायला. ग वर गेला. भाऊजी थांबले. पुन्हा.

आणि जिन्यावर सपातांचा आवाज. रसिक! झोपेतून उठून आलेले, दार उघडंच होतं, तर थेट उंबऱ्यावर. "अहो, काय हे सकाळी सकाळी? कानाला किती त्रास!" त्यांनी भाचीला बघितलं आणि आवाजात साखर घातली. "बाळ, वाईट वाटून घेऊ नकोस. पण बाबांचं बघून हट्ट करू नये. हे कष्टाने येत नाही."

व्हायोलिन भाऊजींच्या हातात होतं, पण रसिकांना त्याचा अर्थ दिसलाच नाही. त्यांना वाटलं, वाजवत होती लेक, आणि बापाने तिची चूक दाखवायला व्हायोलिन हातात घेतलंय. केवढी सोय! भाऊजींनी नुसतं गप्प बसायचं होतं, आणि ते तर त्यांना छान जमतं. पोरगी बापाकडे बघत होती.

"मी वाजवत होतो," भाऊजी म्हणाले.

रसिक हसले. "काय चेष्टा करता!"

भाऊजींनी व्हायोलिन हनुवटीखाली धरलं. रसिकांच्या तोंडासमोर त्यांनी गज ओढला, सा, टोकापासून टोकापर्यंत, मग रे, मग ग, आणि तो मेला ग पुन्हा वर गेला. ते थांबले, तिथूनच उचलला, पुन्हा वाजवला. पुन्हा. रसिकांची मान डोलायची थांबली. चेहरा असा झाला, जसा माझ्या खुर्चीत माणसाचा होतो, पहिल्यांदा बरोबर नंबर लागला की. मला विचारायचं होतं, आता दिसतंय का? पण मी आयुष्यात पहिल्यांदा तोंड आवरलं.

"रोज?" रसिकांनी विचारलं. आवाजात अशी निराशा, जशी काही त्यांचीच फसवणूक झाली.

"रोज. दुकानात. कोटांच्या मागे," भाऊजी म्हणाले. "मी मेहनती आहे. कलावंत नव्हे."

रसिक सपाता ओढत वर गेले. त्यानंतर ते महिनाभर आमच्याशी धड बोलले नाहीत. दैवी देणगी त्यांच्या हातून गेली होती ना.

भाऊजी तसेच उभे होते, गज खाली, मान खाली. मागून भाची म्हणाली, "बाबा, ग वर जातोय."

"हो," ते म्हणाले. "रोज जातो."

"मग काय करता?"

"खाली आणतो."

पोरगी वळली. मग तिने स्वयंपाकघरातून स्टूल ओढत नेलं. कपाटावरच्या त्या मागच्या कोपऱ्यात ताईचंही फडकं पोचत नसावं, कारण पेटी काढताना पोरीच्या डोक्यावर धुळीचा लोट आला आणि ती शिंकली. ताईने फडकं आणलं, आणि मग बैठकीतली ती दुसरी पेटीसुद्धा पुसून टाकली. भाऊजींनी पाहिलं, पण अडवलं नाही.

आता रोज सकाळी समोरून दोन व्हायोलिनं ऐकू येतात. सा रे ग, रे ग म, तीच टिकटिक, तेच थांबणं. माझी झोप गेली ती गेलीच, आणि तक्रार करायचीही सोय नाही, कारण खिडकी उघडायला मीच सांगितलं होतं. काल पोरगी एका जागी अडली. मी दात घासता घासता कान देऊन ऐकत होते. पहिल्यापासून सुरू करेल असं वाटलं. नाही केलं. चुकली होती तिथूनच तिने उचललं.